आत्यानं वाकायचं असतं

आमचा दादा परंपरा हा शब्द फक्त नाही म्हणायला वापरतो. मुलाच्या लग्नात त्यानं डीजे लावला, वरातीत स्वतः नाचला, नवरदेवाला घोड्याऐवजी उघड्या जीपमधून आणलं, तेव्हा परंपरा कुठल्या खोलीत झोपली होती देव जाणे. पण कुणाला काही नाकारायचं असलं की दादा घसा खाकरतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "आता परंपरा हाय आपली." हा आवाज मला फोनवरसुद्धा ओळखू येतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला आणि पलीकडून घसा खाकरल्याचं ऐकू आलं, तसा मी हातातला तुरीच्या शेंगांचा वाडगा खाली ठेवला. अशा वेळी दोन्ही हात मोकळे असलेले बरे.

मी अहमदपूरला असते, दादा लातूरला. बातमी तशी गोड होती. दादाच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, मुलगी झाली होती आणि आता तिचं बारसं ठरलं होतं, येत्या रविवारी, रिंग रोडवरच्या हॉलमध्ये. जेवणात काय, सजावट कशी, पाळणा कुठल्या रंगाचा, सगळं सांगून झाल्यावर दादा मुद्द्यावर आला.

"कानात नाव तू सांगायचं."

ज्यांच्याकडे बारसं वेगळ्या तऱ्हेनं होतं त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बाळाचं नाव ठरवतं कुणीही, पण ते बाळाला सांगते त्याची आत्या, बापाची बहीण. ती पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र करते आणि नाव सांगते. ती वाकलेली असते तेवढ्या वेळात जमलेल्या बायका आणि पोरं तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात ते कुणी सांगत नाही, पण मला वाटतं ते उघड आहे. नणंदेच्या पाठीत सगळ्यांदेखत हात टाकायची दुसरी संधी भावजयांना मिळते कधी? धपाटे खाऊन आत्या सरळ होते, नाव मोठ्यानं सांगते, भाऊ तिला साडी देतो आणि मग घुगऱ्या वाटतात.

"अरे, पण आत्या घरातच आहे की," मी म्हटलं. "तुझी लेक. बाळाची सख्खी आत्या ती. मी तर आजीच्या रांगेतली."

दादानं पुन्हा घसा खाकरला. "तिचं तुला ठाव हाय. पाहुणे येणार. सवाशिणीनंच करायचं असतंय हे. परंपरा हाय आपली."

तिचं मला ठाऊक होतं. माझी भाची नांदेडला दिली होती. दीड-दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती एक बॅग घेऊन लातूरच्या घरी परत आली आणि म्हणाली, मी आता जाणार नाही. का, ते तिनं एकदाच सांगितलं, आईला आणि मला. ऐकून झाल्यावर परत विचारायची आमची हिंमत झाली नाही. आता कोर्टात प्रकरण चालू आहे आणि ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. रोज सकाळी लोकांच्या दंडाला रबर बांधते. लातुरात शिकायला आलेल्या निम्म्या पोरांचं रक्त तिनं काढलं असेल, आणि सुई कळलीसुद्धा नाही असं पोरं सांगतात.

आणि ही जी मुलगी झाली, ती झाली कशी? भाचेसुनेचं माहेर धर्माबाद. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, न्यायला माणसं येणार होती, पण बाळाला तेवढा धीर नव्हता. कळा सुरू झाल्या तेव्हा भाचा पुण्याला कामासाठी गेलेला, दादा-वहिनी एका लग्नाला निलंग्याला. घरात होती फक्त माझी भाची. तिनंच भाचेसुनेला ऑटोत घातलं, दवाखान्यात नेलं, कागदांवर सह्या केल्या, आणि नर्सच्या हातातून बाळ पहिल्यांदा कुणाच्या हातात आलं असेल तर ते तिच्या. तेव्हा सवाशीण कुणी शोधली नव्हती.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं, जरा वरच्या पट्टीत. आमचे हे सोफ्यावर बसून पेपर वाचत होते, त्यांनी पेपर वर घेतला. लग्नाच्या इतक्या वर्षांत ते माझ्यापुढे पेपर वर घ्यायला शिकलेत, बाकी फारसं काही शिकले नाहीत. आणि गंमत बघा, माझी पात्रता म्हणजे हेच. माझे हे जिवंत आहेत, बीपीची गोळी वेळेवर घेतात आणि स्वतःचा पायमोजा स्वतः शोधू शकत नाहीत; एवढ्या पुण्याईवर मी शुभ, आणि जिनं बाळ जगात आणलं ती अशुभ. आत्यापण नवऱ्याकडून मिळत नाही हो. ते भावाकडून मिळतं. नवऱ्याचा त्यात संबंध काय?

"तू उगं डोकं फिरवून घेऊ नको," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

मला राग आला की मी दोनच गोष्टी करते. एक, भांडी घासते. दोन, फोन करते. भांडी घासून झाली.

पहिला फोन वहिनीला. वहिनी वाईट नाही. ती पाण्यासारखी आहे, ज्या भांड्यात ओताल तशी होते. मी विचारलं, ही परंपरा आपल्याकडे कधीपासून? वहिनी म्हणाली, "मला काय ठाव वन्सं, तुमच्या दादांनीच सांगितलं. म्हणाले धर्माबादचे पाहुणे लई कडक हायत, त्यांच्यात चालत न्हाई."

दुसरा फोन धर्माबादला, भाचेसुनेच्या आईला. त्या विहीणबाई तेलंगणाच्या काठावरच्या, मराठी बोलता बोलता एक पाय तेलुगूत टाकतात. मी गोड आवाजात, अगदी साखर घालून विचारलं, तुमच्यात परत आलेल्या पोरीनं बारशात नाव सांगितलेलं चालत नाही म्हणे. त्या म्हणाल्या, "अम्मा, आमच्यात तसं काय लेदु, काहीच न्हाई. माझ्या मोठ्या पोराचं नाव माझ्या विधवा नणंदेनं ठेवलंय. आम्हाला तर जावयानं सांगितलं की तुमच्यात चालत न्हाई. आम्हाला वाईट वाटलं, पण म्हटलं तुमची पद्धत."

मी फोन मांडीवर ठेवला आणि एकटीच हसले, इतकी की ह्यांनी पेपर खाली केला. लातूरचे म्हणतात धर्माबादची परंपरा, धर्माबादचे म्हणतात लातूरची. दोन्ही घरं एकमेकांचा मान राखायला एक असा नियम पाळत होती जो दोघांच्याही घरी नव्हता. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा म्हणाले." म्हणजे सगळं फिरून दादाच्या घशातच परत येत होतं. तिथूनच ते खाकरून निघालं होतं.

मग हसू गेलं आणि राग राहिला. कारण मला आमची खरी परंपरा ठाऊक होती. दादालाही ठाऊक होती. तो माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यानं जास्त पाहिलंय.

आमचं गाव निलंग्याच्या अलीकडे. आमच्या घरात आमची थोरली आत्या राहायची, वडिलांची मोठी बहीण. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि हिला माहेरी आणून सोडलं. गावात तिला माघारी टाकलेली म्हणत. समोर म्हणायची छाती कुणाची नव्हती. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर गोठ्यातल्या म्हशी कान टवकारायच्या. आणि आमच्या घरातल्या प्रत्येक लेकराच्या कानात नाव तिनंच सांगितलं. माझ्या, माझ्या बहिणीच्या, चुलत भावंडांच्या. आमच्याच नाही, गल्लीत कुणाला आत्या नसली किंवा आत्या लांब दिली असली तरी माणूस हिलाच बोलवायला यायचं. ती काखेत आमच्या पाट्याचा वरवंटा घेऊन निघायची. बारशात आधी वरवंट्याला टोपडं घालून, बाळ समजून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, मग खरं बाळ. कुणाच्या घरचा वरवंटा तिला पसंतच पडायचा नाही. म्हणायची, आमच्या वरवंट्याला सवय हाय.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बारशाला आईच्या माहेरची कुणी बाई आली होती. मी तेव्हा फ्रॉकमध्ये, घुगऱ्यांच्या टोपल्याजवळ. त्या बाई म्हणाल्या, हिच्या तोंडून कशाला, दुसरी कुणी न्हाई का. थोरली आत्या पाळण्याजवळून मागे सरायला लागली. तेवढ्यात आमचे वडील, जे घरात कधी आवाज चढवायचे नाहीत, दारातून म्हणाले, "नवरा तिचा सुटलाय. भाऊ सुटला न्हाई." बस. आत्या वाकली, आणि त्या दिवशी माझ्या आईनं तिच्या पाठीत जो धपाटा घातला तो ओसरीपर्यंत ऐकू आला.

नाव सांगून झाल्यावर थोरली आत्या लगेच सरळ व्हायची नाही. आणखी काहीतरी सांगायची, बाळाच्या कानात, अगदी हळू. मी एकदा तिला विचारलं होतं काय सांगतेस म्हणून. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "सांगते, बाई, रडायचं झालं तर हळू रडू नको."

दादाचं नावही तिनंच ठेवलं. त्याच्या कानातसुद्धा तिनं हे सांगितलं असणार. ह्या कानातून त्या कानात गेलं.

मी दादाला परत फोन केला, धर्माबादचं सांगितलं. तो म्हणाला, "आता ठरलंय. मोबाइलवर पत्रिका गेलीय सगळ्यांना, तुझं नाव टाकून." मी म्हटलं बरं. इतकं गुळचट म्हटलं की दादाला तेव्हाच संशय यायला हवा होता.

रविवारी पहाटेच मी एसटीत बसले, पिशवीत वरवंटा. घरं बदलली, मिक्सर आले, पाटा कधीच कुठे गेला, पण वरवंटा माझ्याकडे आहे. कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवायला बघितलं आणि त्याचाच पाय ठणकला. म्हणाला, "मावशी, बाँब आणला का काय?" मी म्हटलं, लातूरला पोचू दे, मग बघू.

घरी पोचले तर भाची स्वयंपाकघरात घुगऱ्यांचे हरभरे शिजवत होती. हॉलवाल्यांनी जेवण दिलं होतं, पण घुगऱ्या घरच्याच पाहिजेत असं तिचं म्हणणं. शेजारी बाळाचं टोपडं पडलं होतं, पिवळं, कडेला बारीक हिरवी वेल. टाके बघून कुणी शिवलंय ते कळत होतं. मी तिला म्हटलं की मला हे मान्य नाही. ती पळीनं एक दाणा उचलून बोटात दाबून बघत होती.

"तू सांग, आत्या. मला हौस न्हाई," ती म्हणाली. "मी रोज लोकांच्या दंडात सुई खुपसते. कानात बोलायला काय लागतंय?"

मग तिनं दाणा तोंडात टाकला, गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फक्त तिला घेशील तर उजव्या कुशीवर घे. डाव्या कुशीवर ती राहत न्हाई."

मी तिला थोरल्या आत्याचं सांगितलं, वडील दारातून काय बोलले ते आणि लसूण सोलतानाचं. तिनं सगळं ऐकलं आणि फक्त एवढंच म्हणाली की आजोबा बरे होते. मला वाटतं त्या क्षणी मी ठरवलं. खरं सांगायचं तर मी तिला विचारायला हवं होतं. पण मला प्रसंग दिसायला लागला की माझे कान बंद होतात.

हॉल म्हणजे काय सांगू. फुगेच फुगे, गुलाबी आणि पांढरे. काचेसारख्या प्लॅस्टिकचा पाळणा, त्याला दिव्यांच्या माळा. मागच्या भिंतीवर थर्माकोलची मोठी अक्षरं, वर रेशमी पडदा. नाव जाहीर झालं की काळ्या टीशर्टातली पोरगी दोरी ओढणार आणि पडदा पडणार. नाव मोबाइलवर अक्षर काढून ठरवलेलं, मला आदल्या दिवशी मेसेजवर आलेलं. मी पिशवीतून वरवंटा काढला तर ती पोरगी घाईनं आली. म्हणाली, "आंटी, हे इथं नको, पाळण्याची काच जाईल."

मी वरवंट्याला टोपडं घातलं आणि तिच्या कडेवर दिला. म्हटलं, धर, हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा माणूस आहे. तिनं तो खरंच बाळासारखा धरला. बिचारी चांगली होती.

बायका जमल्या. वरवंटा झाला, बाळ फिरवून झालं. भाचेसून पाळण्याशेजारी खुर्चीवर बसली होती, शालू, गजरे, चेहऱ्यावर फोटोवाल्यानं सांगितलेलं हसू. माझी भाची मागे होती, भिंतीला लागून, घुगऱ्यांच्या द्रोणांजवळ. तिला तिथे कुणी उभं केलं नव्हतं. तिला कुणी कुठेच उभं केलं नव्हतं.

माझं नाव पुकारलं गेलं. मी वाकले. पाठीवर हात पडले, तेही काय, थापट्या, बांगड्या मोडू नयेत आणि फोटो हलू नये म्हणून. बाळ टक्क जागं होतं. मी त्याच्या कानाशी गेले, कुर्र केलं नाही, नाव सांगितलं नाही. म्हटलं, थांब जरा, तुझी आत्या येतेय. आणि सरळ झाले.

"सांगा आत्याबाई, नाव सांगा!" भाच्याचा कुणी मित्र माईकवर ओरडला. मी त्याच्या हातातून माईक घेतला. मला माईक आयुष्यात फार वेळा मिळालेला नाही, पण मिळाला की मी तो परत लवकर दिलेला नाही.

मी म्हटलं की मंडळी, बाळाला नाव अजून कळलेलं नाही, कारण मी सांगितलंच नाही. मी बाळाची आत्या नाही, बाळाच्या आजोबांची बहीण आहे. बाळाची आत्या ह्याच हॉलमध्ये आहे. मग विहीणबाईंना विचारलं, तुमच्यात तिनं नाव सांगितलेलं चालत नाही का? विहीणबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी एकदा दादाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "लेदु. चालतंय की."

दादा कोपऱ्यातून माईकवाल्याला हातानं खूण करत होता, बंद कर, बंद कर. माईकवाले चाचा आमच्या घरच्या प्रत्येक कार्याला आलेत, त्यांचे वालिदसुद्धा आमच्याकडे भोंगा घेऊन यायचे. चाचांनी दादाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसायला लागले, आणि दुसऱ्या हातानं आवाज किंचित वाढवला. "बोलो आपा," एवढंच म्हणाले.

मग मी दादाला विचारलं. ते मला माईकवर विचारायचं होतं, आठवडाभर तोंडात धरून ठेवलं होतं. "दादा, तुझं नाव कुणी ठेवलं रे?"

दादा म्हणाला, "घरी बोलू."

"थोरल्या आत्यानं ठेवलं. माघारी टाकलेल्या आत्यानं. तुला काय झालं? तुझा धंदा बुडाला का तुझं घर पडलं? आणि वडील दारातून काय म्हणाले होते ते तुला आठवतंय का? तू ओट्यावर बसला होतास. मी बघितलंय तुला."

दादानं मान खाली घातली. मी आणखी बोलणार होते, माझं अर्धंही झालं नव्हतं. पण काळ्या टीशर्टातल्या पोरीला वाटलं हाच तो क्षण, आणि तिनं दोरी ओढली. पडदा पडला. थर्माकोलचं नाव दिव्यांसकट झळकलं, बँडवाल्यानं तुतारी वाजवली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साऱ्या लातूरला नाव कळलं, जिचं होतं तिला सोडून.

त्या टाळ्यांमध्ये माझी भाची पुढे आली. मला वाटलं, आली, जमलं. तिनं माझ्या हातातला माईक काढून घेतला, त्याचं बटण बंद केलं आणि माझ्याजवळ येऊन इतक्या हळू बोलली की फक्त मला आणि भाचेसुनेला ऐकू गेलं.

"आत्या, बाबांनी मला इचारलं न्हाई. तू तरी इचारलंस का?"

पाचशे फुग्यांसमोर मी पाळण्यापासून दोन पावलं मागे सरले.

तुतारीच्या आवाजानं बाळ रडायला लागलं. वहिनीनं घाईनं उचललं, खांद्याला लावलं, डाव्या बाजूला घेतलं, बाळ आणखीच. बाळ एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागलं आणि प्रत्येक हातात आवाज चढत गेला. भाचीनं थोडा वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर माझ्यावरचा राग तसाच होता. मग तिनं बाळ घेतलं, उजव्या कुशीवर वळवलं, आणि बाळ गप्प झालं. तिनं त्याला पाळण्यात ठेवलं आणि मागे फिरायला लागली.

तेव्हा भाचेसून खुर्चीवरून उठली. इतका वेळ जी दुकानातल्या बाहुलीसारखी बसली होती, तिनं गजरा मागे टाकला, पदर खोचला, आणि नणंदेच्या पाठीत असा धपाटा घातला की तिच्या स्वतःच्या दोन बांगड्या फुटल्या.

"वाका की वन्सं," ती म्हणाली. "किती उशीर?"

भाची वाकली. मग मात्र बायकांनी फोटोचा विचार केला नाही. विहीणबाई पुढे, त्यांच्या जावा मागे, कामवाल्या मावशी, शाळेतल्या पोरी, अगदी वहिनीनंसुद्धा एक मारला, रडत रडत. कुर्रर्र ऐकू आलं. नाव सांगायला दोन क्षण लागतात. भाची दोन क्षणांत सरळ झाली नाही. धपाटे खात खात ती वाकूनच राहिली, ओठ हलत होते, बाळ डोळे मोठे करून ऐकत होतं.

साडी माझ्यासाठी घेतलेली होती. वहिनीनं तीच भाचीच्या ओटीत टाकली. दादा त्या वेळी तिथे नव्हता. तो जेवणाचं बघायला गेला होता. दाल गरम आहे की नाही ह्याची त्याला त्या दिवशी फार काळजी होती.

इथे गोष्ट गोड संपली असं तुम्हाला वाटेल. माझा राग तर तिथून पुढे खरा सुरू झाला. दादानं मुलीला सॉरी म्हटलं नाही, आजपर्यंत नाही. मला म्हणाला, तू तमाशा केलास. ठीक आहे, केला. पण परवा एका लग्नात मी त्याच्या मागच्या खुर्चीवर बसले होते आणि तो शेजारच्या पाहुण्यांना सांगत होता, "आमच्यात असलं काय मानत न्हाईत. आत्या कशी का असंना, नाव तिनंच सांगायचं. आमच्या वडिलांपासूनची परंपरा हाय." घसासुद्धा खाकरला. आणि पाहुणा मान डोलावत होता, वा, वा, म्हणून. माझ्या हातात जिलेबी होती. मी ती खाल्ली नाही. आयुष्यात जिलेबी पहिल्यांदा सोडली.

त्या रविवारी संध्याकाळी भाचीनं मला स्कूटीवरून बसस्टँडला सोडलं. मी माफी मागितली, पाठीमागून, हेल्मेटला. तिनं ऐकली की नाही माहीत नाही. गाडी लागल्यावर मी विचारलं, नावानंतर काय सांगितलंस बाळाला?

"तुला सांगितलं तर तू माईकवर सांगशील," ती म्हणाली.

मग तिनं वरवंट्याची पिशवी उचलून माझ्याकडे दिली. पिशवी जड, पायरी उंच. मी ती वर ठेवायला वाकले, आणि पाठीत एक सणसणीत बसला. कंडक्टर बघत राहिला. मी वळले तोवर ती स्कूटीला किक मारून गेलीसुद्धा.

अहमदपूरपर्यंत पाठ हुळहुळत होती.